कोंबडे, कोंबड्या आणि तलंगा एकाच खुराड्यात: खाद्य कोणतं द्यावं?

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: 'माझ्याकडे गिरीराज जातीच्या 30 कोंबड्या, 8 कोंबडे आणि तीन महिन्यांच्या, अजून अंड्यावर न आलेल्या काही तलंगा एकत्रच आहेत. सगळ्यांना लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, टाकते. त्यानं कोंबडे खराब होतात म्हणतात, ते खरं का? आणि अंड्याचं कवच हल्ली पातळ का येतं?'

ताई, नराचं वेगळं, मादीचं वेगळं असं पोतं आणू नका. एका खुराड्यात कोण कोणाच्या भांड्यात तोंड घालतं ते तुम्ही दिवसभर बघत बसणार नाही. खरा फरक कॅल्शियमचा आहे. एका अंड्याच्या कवचात जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम जातं आणि खाल्लेल्यातलं निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं, म्हणून लेयर मॅशमध्ये ते साडेतीन ते चार टक्के घातलेलं असतं. कोंबड्याला आणि तलंगीला एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडातून बाहेर टाकावं लागतं.

थोराड कोंबडा बहुधा हे निभावून नेतो, त्यातून तो दिवसभर उकिरड्यावर चरणारा असेल तर काळजी आणखी कमी. मला चिंता तुमच्या तलंगांची आहे. वाढीच्या वयात सतत लेयर मॅश पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मेलेला पक्षी फाडला तर हृदयावर आणि यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. अंडी सुरू होईपर्यंत त्यांना लेयर मॅश नकोच.

म्हणून सगळ्यांसाठी ग्रोअर मॅश, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य, आणा आणि शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता चुरा आपणहून खाते, कोंबडा त्याला फारसं तोंड लावत नाही. चुरा ज्वारीच्या दाण्याएवढा असू द्या, पीठ करू नका. कवच मुख्यतः रात्री तयार होतं. संध्याकाळी खाल्लेला जाडसर चुरा पोटात हळूहळू विरघळतो आणि नेमका त्या वेळी कामी येतो. घरची अंड्याची टरफलंही चालतील, पण भाजून, चुरून. अख्खी टाकली तर कोंबड्यांना अंडी फोडून खायची खोड लागते, आणि ती खोड मोडणं फार अवघड.

पातळ कवचाचं दुसरं कारण आपला उन्हाळा. पारा 44-45 वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते, खाणं कमी करते. धापेमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचाला लागणारा मालच कमी पडतो. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, दुपारी नुसतं थंड पाणी. खुराड्यावर पऱ्हाट्यांचा मांडव घालून त्यावर पाणी शिंपडलं तरी बराच फरक पडतो.

आता न विचारलेलं सांगतो. 30 कोंबड्यांना 8 कोंबडे कशाला? पिल्लं काढायची असतील तर 3 पुरे. नुसती अंडी विकायची असतील तर एकही नको, कोंबडी त्याच्यावाचूनही अंडी देते. जास्तीचे कोंबडे भांड्यावर दांडगाई करतात, गरीब कोंबडी उपाशी राहते आणि दोष खाद्याला लागतो. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, तेव्हा विकून टाका. उरलेल्यांसाठी भांडी दोन-तीन ठिकाणी, लांब लांब ठेवा.

पिल्लांसाठी अंडी घेणाऱ्या मोठ्या ब्रीडर फार्मवर मात्र नर-मादीचं खाद्य खरोखरच वेगळं असतं. मादीच्या भांड्यावर अरुंद फटींची जाळी बसवतात, नराचं डोकं त्यात शिरत नाही. नराचं भांडं इतकं उंच टांगतात की मादीची चोच पोचत नाही. परसातल्या 30-40 पक्ष्यांसाठी तो खर्च परवडणारा नाही.

मॅश महाग पडतं म्हणून घरची कनकी, ज्वारी, मका मिसळा, हरकत नाही. मात्र बुरशी आलेला मका उकिरड्यावर. सोयाबीन कच्चं देऊ नका, भाजून द्या. सरकीची ढेप मात्र गाईम्हशींनाच. कोंबडीला घातली तर साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि गिऱ्हाईक अंडी परत आणून देतं.