‘उमेदवार’ फक्त निवडणुकीचा?

प्रश्न असा आलाय : ‘भाचा आयटीआय करून परळच्या रेल्वे कारखान्यात इलेक्ट्रिशियनचा अप्रेंटिस म्हणून रुजू झालाय. पेपरात अशा मुलांना “शिकाऊ उमेदवार” म्हणतात. तो कुठल्या निवडणुकीला उभा आहे? “प्रशिक्षणार्थी” जास्त बरोबर नाही का?’

उभा नाही, पण उमेदवार मात्र अस्सल. शब्द पळवलाय तो निवडणुकीवाल्यांनी. फारसी ‘उम्मीदवार’ म्हणजे आशा धरून असलेला. पुढेमागे चिकटवून घेतील या आशेवर कचेरीत किंवा वकिलाकडे फुकट नाहीतर किरकोळ पैशांत राबणारा, तो आपल्याकडचा उमेदवार. घोळ होतच असेल तर क्रियापद बघा. उमेदवारी ‘करतात’ ती शिकण्याची. ‘मिळते’, ‘जाहीर होते’, ‘मागे घेतात’ ती निवडणुकीची. ‘त्यानं दोन वर्षं उमेदवारी केली’ हे ऐकून कुणाला मतपेटी आठवत नाही.

‘शिकाऊ’ हे शेपूट मला तरी जादाचं वाटतं. उमेदवार शिकाऊच असायचा. पण १९६१चा कायदा मराठीत ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ झाला आणि जोडी कायमची जमली. (हिंदीत तोच ‘शिक्षु अधिनियम’.) कारखान्यात अर्थात यातलं काहीच कुणी बोलत नाही. तिथे ‘अ‍ॅक्ट अप्रेंटिस’. त्यातला ‘अ‍ॅक्ट’ म्हणजे हाच कायदा. रेल्वेत शब्द कुठून कुठे जातात बघा : जहाजावरचा ‘खलाशी’ इथे कारागिराच्या हाताखालचा मदतनीस झाला!

‘प्रशिक्षणार्थी’ चूक नाही, पण पसरट आहे. दोन दिवसांच्या शिबिराला बसलेला साहेबही प्रशिक्षणार्थीच. वर्षभर स्टायपेंडवर, जुन्या कारागिराशेजारी उभं राहून मोटरच्या वाइंडिंगला (आतल्या तारांच्या वेटोळ्यांना) मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायला शिकणारा पोरगा वेगळा. शिवाय त्या शब्दात आशा नाही. २० मार्च २०१८ला माटुंगा-दादरदरम्यान ऐन सकाळी लोकल अडवणाऱ्या रेल्वे अप्रेंटिस मुलांचं प्रशिक्षण होऊन गेलं होतं, हवी होती ती रेल्वेतली नोकरी. कायदा तिची हमी देत नाही, आणि भरतीतल्या २० टक्के राखीव जागा त्यांना पुरेशा वाटत नव्हत्या. त्यांना ‘प्रशिक्षणार्थी’ कसं म्हणणार?

तेव्हा बोलताना ‘अप्रेंटिस’ म्हणा, लिहिताना खुशाल ‘रेल्वेत उमेदवारी करतोय’ लिहा. फक्त ‘रेल्वेत उमेदवारी मिळाली’ असं लिहू नका, नाहीतर लोक पक्ष विचारतील.