बाळ गेलं तरी आई आपलीच पेशंट असते

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण ड्युटीवर होते म्हणून आता निवांत लिहितेय. एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, नर्स म्हणून लागून तुला जेमतेम महिना झाला, त्यात ते नऊशे ग्रॅमचं बाळ गेलं आणि तू विचारतेस की आईसमोर जाऊन बोलायचं काय. ट्रेनिंगमध्ये श्वास द्यायची अँबू पिशवी कशी धरायची, श्वासाला आधार देणाऱ्या सीपॅप मशीनचे बुडबुडे कसे बघायचे सगळं शिकवतात, याचा मात्र एक तास होत नाही.

बाळाची फाईल बंद झाली की आपलं लक्ष पुढच्या वॉर्मरवरच्या बाळाकडे जातं, जावंच लागतं. पण त्या बाईचं बीपी 160 च्या वर होतं म्हणूनच तर सत्ताविसाव्या आठवड्यात सिझर झालं ना, मग ते बीपी काही बाळ बाहेर आलं म्हणून लगेच उतरत नाही, डिलिव्हरीनंतरही झटके येऊ शकतात. आणि नेमकं अशा वेळी घरचे डिस्चार्जची घाई करतात, आता इथं थांबून काय करायचं म्हणून. तेव्हा पोस्टनेटलच्या, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डातल्या, सिस्टरला सांग की बीपी सोडू नका, आणि त्या बाईला व तिच्या आईला दोघींना सांग की डोकं ठणकलं, डोळ्यापुढं अंधारी आली, पोटात वरच्या बाजूला दुखलं तर थांबायचं नाही, सरळ 108 ला फोन. आशाताईच्या भेटी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत असतात, पण बाळच नाही म्हणलं की त्या राहून जातात, म्हणून तिच्या गावच्या आशाताईला तू स्वतः फोन कर.

आता दूध. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दाटते, ब्लाऊज भिजतो, आणि हे होणार आहे असं तिला कुणी सांगितलेलंच नसतं. आदल्या दिवशीच सांग. नीट बसणारी ब्रा, थंड पट्ट्या, फारच दाटलं तर दुखणं कमी होण्यापुरतंच पिळायचं, पूर्ण नाही, नाहीतर आणखी येतं. दूध थांबवायची गोळी असते, पण बीपीवालीला ती धोक्याची ठरू शकते, त्यामुळे नवऱ्याने मेडिकलमधून परस्पर आणून द्यायची नाही, डॉक्टरला विचारूनच. काही जणींना दूध दान करावंसं वाटतं. सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मिल्क बँक, म्हणजे दान केलेलं आईचं दूध गरजू बाळांना देणारी सोय, सुरू केली, तेव्हापासून ती सोय बऱ्याच ठिकाणी झालीय, पण हे आपण होऊन सुचवू नकोस, माझं स्पष्ट मत आहे, तिने विचारलं तरच सांग.

बाळ दाखवायचं का, यावर तुझं आणि त्या आजीचं वाजलं असं कळलं. आपल्याकडे बाळ फडक्यात गुंडाळून काका-मामा घेऊन जातात, आई वर ऑपरेशननंतरच्या वॉर्डात पडलेली, तिला सांगतात ते संध्याकाळी. दाखवू नका, जीव अडकेल म्हणतात. तू आजीशी वाद घालू नकोस, पण विचारायचं आईलाच, बघायचंय का, मांडीवर घ्यायचंय का. नको म्हणाली तर नको, तासाभराने परत एकदा विचार. हो म्हणाली तर आधी नळ्या काढून घे आणि चिकटपट्टी ओढू नकोस गं, इतक्या लहान बाळाची कातडी सोबत निघते, कोमट पाण्यात भिजवलेला कापूस थोडा वेळ ठेव मग ती आपोआप सुटते. टोपडं घाल, कोरडं फडकं घे. आणि हातात द्यायच्या आधी सांग की अंग गार लागेल, रंग काळपट दिसेल. तेवढं सांगितलं की ती दचकत नाही.

जुळ्यातलं एक गेलं असेल तर "एक तरी राहिलं" हे वाक्य तुझ्या तोंडून येता कामा नये. घरचे म्हणतातच, त्यांना आपण काय बोलणार.

दोषाचं मात्र बोलावंच लागतं. ग्रहणात विळी धरली, पपई खाल्ली, स्कूटीवर बसली, बादली उचलली, प्रत्येक घराची यादी तयार असते. तिच्या बाबतीत बीपीमुळे वारेतून बाळाला रक्त कमी जात होतं, बाळाची वाढ थांबली होती, यात तिने काही खाल्लं-उचललं त्याचा संबंध नाही, हे डॉक्टरांकडून सासूसमोर आणि नवऱ्यासमोर वदवून घे, एकटीला सांगून उपयोग नाही. आणि ते "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" कुणी म्हणलं तर तिथल्या तिथं खोडून काढ. पोटात जितके जास्त आठवडे तितकी फुप्फुसं तयार, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्तच जगतं. असल्या बोलण्यामुळे लोक आठव्यातल्या बाळाची आशा आधीच सोडून देतात, म्हणून मला राग येतो. बाळाची फुप्फुसं तयार व्हावी म्हणून आईला इंजेक्शनं दिली होती मग कसं गेलं, असंही विचारतील. त्या डेक्सा इंजेक्शनाचे बारा-बारा तासांनी चार डोस असतात, सगळे द्यायला बीपीने वेळच दिला नाही, आणि सगळे मिळाले तरी सत्तावीस आठवडे म्हणजे फार लवकर, हे सरळ सांग.

आणि यापुढे कुठलंही बाळ आपल्या कक्षात असेपर्यंत त्याच्या आईला आत येऊ देत जा. 2022 पासून डब्ल्यूएचओसुद्धा म्हणतंय की कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर कांगारू द्या, म्हणजे आईच्या उघड्या छातीशी लावून ठेवा, स्थिर व्हायची वाट बघू नका. आपल्याकडे अजून दोन मिनिटं काचेतून दाखवतात. मशीन लागलंय म्हणून अगदीच छातीशी देता येत नसेल तर निदान तिचा हात तरी बाळाला लागू दे.

कागदाचं विसरू नको. बाळ तासभर जगलं असलं तरी जन्म आणि मृत्यू दोन्हीची नोंद होते, मुदत 21 दिवस, आपलं रेकॉर्ड सेक्शन पाठवतं पण बापाला सांगून ठेव, तो त्या दिवशी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो म्हणून चिठ्ठीवर लिहून दे. आणि आईच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं "प्रीटर्म, बेबी एक्स्पायर्ड" असं नको, किती आठवडे, बीपी किती होतं, सिझर का केलं, पुढच्या खेपेला बारा आठवड्यांच्या आसपासच दाखवायला यायचं हे सगळं हवं, कारण पुढच्या वेळी ॲस्पिरिनची छोटी गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू केली तर फायदा होतो आणि ती दुसऱ्याच दवाखान्यात गेली तर हे तिथं कोण सांगणार. रेसिडेंट डॉक्टर घाईत असतात, मागे लागून लिहून घ्यावं लागतं.

तिचं कार्ड अजून निघालं नसेल तर आजच बघ. शुक्रवारी माझी नाईट आहे, जुनी दोन-तीन नीट लिहिलेली कार्डं काढून ठेवते, लवकर ये म्हणजे हँडओव्हरच्या आधी बसू.