रिंग सुटली, नजर सुटेना

"मी त्याचं आयुष्य वाया घालवलं का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे फिरून फिरून येतो. कधी पोहणाऱ्या मुलीची आई विचारते, कधी मुलाला तबल्याच्या क्लासला फरफटत नेलेले बाबा. अलीकडे म्हाताऱ्या कुत्र्यांचे मालकही हेच विचारत येतात. त्यांतल्या एकाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

साठीचे गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी मोबाइल पुढे केला. हिरवळीवर उभा जर्मन शेफर्ड, कान ताठ, एक मागचा पाय ताणून मागे. कागदोपत्री दीड ओळीचं इंग्रजी नाव, घरी नुसता बंड्या. गावोगावच्या डॉग शोमध्ये वेगवेगळ्या परीक्षकांची सर्टिफिकेटं मिळवून चॅम्पियन झालेला. आता 11 वर्षांचा. मागचे पाय लटपटतात, फरशीवर घसरतो, डोळ्यांत निळसर झाक आली आहे.

"बघवत नाही हो त्याच्याकडे. आणि कुणाला सांगावं तर म्हणतात, कुत्राच तर आहे!"

या 'कुत्राच तर'नं माणूस जास्त खचतो. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मोजतच नाही, त्याविषयी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्येच लिहून ठेवलंय. पहिल्या दोन भेटींत मी फक्त ऐकलं. तेवढ्यानंही त्यांचे खांदे जरा सैल झाले.

तिसऱ्या भेटीत त्यांनी रेघांची वही काढली. बंड्या पिल्लू असल्यापासूनच्या नोंदी. शेवटची पानं मी वाचली : 'पाठ खचली. चाल आखूड. कोट (अंगावरचे केस) निस्तेज.'

"नराची उंची 60 ते 65 सेंटिमीटर, वजन 30 ते 40 किलो," त्यांनी या जातीचे शोचे निकष पाठ म्हणून दाखवले. "आता वजनही घसरतंय."

"हे सगळं लिहितंय कोण? तुम्ही की परीक्षक?"

ते गप्प.

"बरं, बंड्याला सगळ्यात जास्त काय आवडायचं?"

"शो."

"शोमधलं काय?"

बराच वेळ गेला. मग हसू आवरत म्हणाले, "कलेजी."

रिंगमध्ये, म्हणजे शोच्या रिंगणात, कुत्र्याची नजर आपल्यावर खिळून राहावी म्हणून त्याला फिरवणारे हँडलर खिशात उकडलेली कलेजी ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. शोची साखळी त्यांनी कपाटावर लपवली होती. दिसली तर बंड्याला जुने दिवस आठवून वाईट वाटेल म्हणून! मी म्हटलं, काढा ती खाली.

पुढच्या आठवड्यात ते खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बोलू लागले. "साखळी खुळखुळली आणि हा आतल्या खोलीतून आला. समोर उभा राहिला. आपणहून पाय मागे घेतला. थरथरत होता हो. मला रडू फुटलं. आणि तो बघत होता माझ्या खिशाकडे."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतला. घटनेपेक्षा घटनेला आपण चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे 18 वर्षं सांगत आलोय. पण इतकं नेमकं उदाहरण मला एका शेफर्डनं दिलं. कप बंड्याचे कधी नव्हतेच. त्याची होती कलेजी, आणि आपल्याकडे बघणारा आपला माणूस. म्हातारपणात कलेजी गेली ती गेलीच, वर तो माणूसही नजर चुकवू लागला.

अपराधी भावना सगळीच खोटी नसते, हेही मी त्यांना सांगितलं. प्रवासात पिंजऱ्यात काढलेले तास होते, शोच्या आधीची कडक दिनचर्या होती. ते मान्य करावं. पण त्याचं प्रायश्चित्त म्हणून तोंड फिरवलं, तर भोगतो कुत्राच.

अशा मालकांना मी आधी पशुवैद्याकडे पाठवतो. लंगडणं 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. वेदनेवर उपाय असतात. मात्र घरातली माणसांची गोळी मनानं देऊ नका, आयब्युप्रोफेन तर मुळीच नाही. निळसर झाक म्हणजे मोतीबिंदूच असं नाही, वयानं भिंगही तसं दिसतं, तपासून घ्या. वजन झपाट्यानं उतरत असेल तर तेही सांगा. फरशीवर रबरी मॅट टाका, नखं वाढू देऊ नका, एका मोठ्या फेरीऐवजी तीन छोट्या करा. आणि शेवटच्या इंजेक्शनचं बोलणं घरात आधीच होऊ द्या, तो बरा असताना. त्याचं खाणं, उठणं, शेपूट हलवणं यांतलं काय थांबलं की पुरे म्हणायचं, ते ठरवा. रात्री दोन वाजता, तो धापा टाकत असताना हे ठरवणं फार जड जातं.

शेवटच्या भेटीला ते वही घेऊन आले होते. ताजी नोंद अशी : 'संध्याकाळी पाऊस. शेजारची पोरं खेळायला आली नाहीत. तरी जिन्याखाली वाट बघत बसला. मीही बसलो.'