आधी एमआरआय

प्रिय डॉक्टर,

रात्री तुझा मेसेज आला, "सर, आर्थ्रोस्कोपी लावू का?" म्हणजे सांध्यात दुर्बीण घालायची. सोबत तुझ्या पैलवान पेशंटच्या गुडघ्याचा एक्स-रे. एमआरआय कुठाय?

पैलवानाचा गुडघा म्हटलं की कोल्हापुरात आधी लिगामेंट आठवतं. सूज हटली नाही की टीबी, मग संधिवात. पण तूच लिहिलंयस की एकच सांधा, ताप नाही, रक्तातली सूज दाखवणारा ईएसआर नॉर्मल, आणि सुईनं काढलेलं पाणी दर वेळी तांबूस-तपकिरी. एवढं लिहून तू पुढचा विचार केला नाहीस, याचं मला नवल वाटतं. नवा मार नाही, रक्तस्रावाचा आजार नाही, तरी गुडघ्यात पुन्हापुन्हा रक्त साचतंय, तर पीव्हीएनएस, म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराची गाठीसारखी वाढ, मनात यायलाच हवा. हल्ली त्याला टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर म्हणतात. एक्स-रे बराच काळ साधा दिसतो. एमआरआयवर मात्र जुन्या रक्तातलं लोह टी-वन, टी-टू या दोन्ही प्रकारच्या चित्रांत काळं उमटतं आणि ग्रेडिएंट एको या तिसऱ्या प्रकारावर तो काळेपणा आणखी पसरतो.

आधी एमआरआय, मग बायोप्सी, मग सुरी. हजारदा सांगितलंय, आणखी हजारदा सांगेन.

गुडघ्यामागची खोल गाठ बेकर्स सिस्ट, म्हणजे पाण्याची साधी पिशवी, समजून उघडशील, तर त्याहून वाईट. सायनोव्हियल सार्कोमा हा कॅन्सर तरुणांनाच जास्त होतो, सावकाश वाढतो, आणि शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिलं नाही तर एमआरआयवरही सिस्टसारखा फसवतो. बायोप्सीची वाट अंतिम ऑपरेशन करणाऱ्यानंच ठरवायची, कारण तो मार्गही गाठीबरोबर कापून काढावा लागतो. चुकीच्या बायोप्सीपायी पाय जातात, हे अमेरिकेतले हाडांचे सर्जन मँकिन यांनी १९८२ मध्ये दाखवलं. १९९६ मध्ये पुन्हा तपासलं, तर परिस्थिती जवळपास तीच!

मला इथं 'फोटोवाले डॉक्टर' म्हणतात. म्हणू देत. बाहेरून मांडीवर आडवा छेद घेऊन एक पोरगा आला होता. गाठ काढलेली, पॅथॉलॉजीला तुकडा पाठवलेलाच नाही. त्याच्या पुढच्या ऑपरेशनला मी उभा होतो. केवढी कातडी, केवढा स्नायू गेला त्या एका छेदापायी! त्यापेक्षा मी फोटोवालाच बरा.

उद्या ओपीडीआधी रेडिओलॉजीत स्वतः जा. फॉर्मवर नुसतं 'गुडघेदुखी' लिहू नकोस, पाण्याचा रंग लिही, ग्रेडिएंट एको मागून घे. आर्थ्रोस्कोपीची तारीख काढून टाक. खासबागेतल्या कुस्तीची त्याला घाई असेल, तर वस्तादांशी मी बोलतो. ते माझं ऐकतात.