परजीवी स्नायू खातो, की स्नायू होऊच देत नाही?

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा. एमएस्सी झूलॉजीच्या सेमिनारला तिला "परजीवी संसर्ग आणि स्नायूपेशींची घडण" हा विषय आलाय. जिथं बघावं तिथं "टॉक्झोप्लाझ्मामुळं स्नायू तयार होण्यात अडथळा येतो" हे एकच वाक्य सापडतं. मग टॉक्झोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी पेशी खाऊन टाकतो, की पेशी घडतच नाही? आणि जाता जाता तिनं हेही विचारलंय की हे वाचल्यापासून घरात रविवारच्या मटणावरून वाद सुरू झालाय, आईला काय सांगू?

बेळगावात बरीच वर्षं हा विषय शिकवलाय, त्यामुळं उत्तर लांबणार. आणि तुला 'तू'च म्हणतो, राग मानू नकोस.

आधी ते "खातो" डोक्यातून काढ. स्नायूत राहणारे बरेच परजीवी स्नायू खाऊन संपवायला आलेलेच नसतात, त्यांना तिथं मुक्काम ठोकायचा असतो. स्नायूपेशीला त्यांनी तिच्या आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर गाठलं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. सेमिनारचा कणा एवढाच ठेव.

तो टप्पा कळायला स्नायू घडतो कसा ते दोन मिनिटांत बघू. स्नायूतंतूचं आवरण आणि त्याच्या बाहेरचा पातळ पडदा यांच्या मधल्या फटीत सॅटेलाइट पेशी निपचित पडून असतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी त्या बेडकाच्या स्नायूत पहिल्यांदा दाखवल्या. पॅक्स-७ हे प्रथिन ही त्यांची ओळख. इजा झाली की त्या जाग्या होतात, त्यांच्यात मायएफ-५ आणि मायोडी ही प्रथिनं वाढतात आणि त्यांच्या मायोब्लास्ट, म्हणजे स्नायू घडवणाऱ्या कोवळ्या पेशी, होतात. मायोब्लास्ट भराभर विभागतात. मग मायोजेनिन हे प्रथिन येतं, विभाजन कायमचं थांबतं, पेशी एका रांगेत लागतात, एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रकांची एक लांब नळी होते. ती मायोट्यूब. विभागणं थांबल्याशिवाय मिसळणं नाही, हे अधोरेखित करून ठेव.

प्रयोगशाळेत हे सी२सी१२ नावाच्या उंदराच्या पेशींवर बघतात. याफे आणि साक्सेल यांनी १९७७ मध्ये या पेशींचा मूळ वंश वेगळा केला. बशीत १० टक्के गोवंशीय भ्रूणाचं सीरम (रक्तद्रव) असेल तर त्या नुसत्या वाढत राहतात. ते काढून २ टक्के घोड्याचं सीरम घातलं, म्हणजे खुराक तोडला, की काही दिवसांत सुट्या टोकदार पेशींच्या जागी लांबलचक नळ्या दिसायला लागतात. पहिल्यांदा बघणारं पोर सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत नाही.

आता टॉक्झोप्लाझ्मा. २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी सी२सी१२ मायोब्लास्टना टॉक्झोप्लाझ्माच्या एमई४९ या वाणाचा संसर्ग दिला, २४ तास थांबले आणि मग खुराक तोडला. नळ्या कमी झाल्या, ज्या झाल्या त्या कच्च्या राहिल्या, मायोसिन हे आकुंचनाचं प्रथिनही घटलं. इथपर्यंत कुणीही म्हणेल, पेशी मेल्या असतील. पण मरण्याचं प्रमाण लक्षात येण्याइतकं वाढलंच नव्हतं. उलट विभागणाऱ्या पेशींची खूण असलेलं केआय-६७ वाढलं होतं! म्हणजे ज्या घडीला पेशींनी विभागणं सोडून नळी व्हायचं, त्या घडीला त्या विभागतच राहिल्या. मायोडी, मायोजेनिन, एमआरएफ-४ या स्नायू घडवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीचा ताल बिघडला. याच अंगानं २०११ च्या एका कामात एम-कॅडहेरिन हे प्रथिन घटलेलं दिसलं होतं. मायोब्लास्ट एकमेकींना धरतात ते त्याच्या जोरावर. धरणंच सुटलं तर मिसळणार कशा?

माझ्या मते या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट पुढं आहे आणि सेमिनारला नेमकी तीच कुणी सांगत नाही. संसर्ग झालेल्या बशीतलं नुसतं पाणी, म्हणजे ते माध्यम, निरोगी पेशींवर घातलं तरी त्यांच्या नळ्या कमी झाल्या. ज्या पेशीत परजीवी शिरलेलाच नाही तिलाही फटका बसतो. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात, त्यांतले आयएल-६ आणि एमसीपी-१ माध्यमात खूप वाढलेले होते, टीजीएफ-बीटा घटलेला होता. मग आयएल-६ चा मार्ग अडवून बघितला, टीजीएफ-बीटा बाहेरून घालून बघितला. दोन्हींनी काही सुधारलं नाही. तेव्हा "आयएल-६ मुळं होतं" असं स्लाइडवर लिहिलंस तर समोरचा परीक्षक तिथंच धरेल.

आता तू विचारशील, 'मग हा किडा एवढं करूलाय तरी कशाला?' (एकपेशीय जिवाला किडा म्हणू नये हे वर्गात शंभरदा सांगितलं असेल, पण जाऊ दे.) गंमत अशी की ज्या नळीला तो खो घालतो, तीच त्याला मुक्कामाला सगळ्यात सोयीची. भराभर वाढणारी त्याची अवस्था टॅकीझोइट, सिस्टमध्ये, म्हणजे कवचाच्या पिशवीत, संथपणे राहणारी ब्रॅडीझोइट. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की विभागणं थांबवलेल्या पक्व मायोट्यूबमध्ये गेला की तो आपण होऊन ब्रॅडीझोइटकडं वळतो. विभागणाऱ्या मायोब्लास्टमध्ये तसा वळत नाही. म्हणजे पेशीही परजीवीचा टप्पा ठरवते. माझा स्वतःचा अर्थ असा की मायोब्लास्टमधली बिघाडी हा त्याचा काही बेत नसावा, घाईच्या अवस्थेतला तो उपद्रव असावा. हे मत आहे, सिद्ध झालेलं नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ट्रिकिनेला स्पायरॅलिस. हा खरोखरचा कृमी. १८३५ मध्ये जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला लंडनमध्ये शवविच्छेदन करताना स्नायूत तो सापडला. याची अळी पूर्ण तयार झालेल्या स्नायूतंतूत शिरते आणि घडलेलं सगळं उलटं फिरवते. भाड्यानं घेतलेल्या घरातल्या भिंती पाडून आपल्या सोयीच्या खोल्या बांधाव्यात तसं. तंतूतली आकुंचनाची यंत्रणा विरघळते, केंद्रकं मोठी होतात. जी केंद्रकं कायमची विभागणं सोडून बसली होती ती पुन्हा डीएनए दुप्पट करतात आणि विभागण्याच्या उंबरठ्यावर अडकून पडतात. भोवती कोलॅजेनचं कवच तयार होतं, नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं विणलं जातं. याला नर्स सेल म्हणतात. त्यात अळी वर्षानुवर्षं जगते. हृदयाच्या स्नायूत मात्र तिला हे घर बांधता येत नाही.

सार्कोसिस्टिस हा टॉक्झोप्लाझ्माचा एकपेशीय भाऊबंद तर आपल्याकडच्या शेळ्यामेंढ्यांत भरपूर. बहुतेक वेळा सिस्ट सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतही नाही आणि जनावर धडधाकट फिरत असतं. टीनिया सोलियम या डुकराच्या फीतकृमीची अळी तंतूंच्या आत न जाता त्यांच्या मधे बसते, म्हणून ती तुझ्या विषयात ओढून आणू नकोस.

स्लाइडवर फ्यूजन इंडेक्स दाखवणार असशील तर व्याख्या बरोबर लिही: मायोट्यूबमधली केंद्रकं भागिले बशीतली एकूण केंद्रकं. संसर्गामुळं एकूण केंद्रकांचा आकडाच बदलला असेल तर इंडेक्स फसवतो. म्हणून सोबत नळ्यांची संख्याही दे. आणि हे सगळं बशीतलं आहे, हे तोंडानं सांग. जिवंत प्राण्यात रोगप्रतिकारक पेशीही मधे पडतात. टॉक्झोप्लाझ्मा झालेल्या उंदरांत २०१७ साली असं दिसलं की एरवी सूज आवरणाऱ्या नियामक टी पेशीच स्नायूची नासधूस वाढवत होत्या. हा प्रश्न विचारला जाणारच, तयारी ठेव.

राहिलं मटण. आईला सांग, खुशाल कर. मटण म्हणजे स्नायूच, त्यातल्या टॉक्झोप्लाझ्माच्या सिस्ट ६७ अंश सेल्सिअसला मरतात आणि आपल्या घरात मटण कुकरला रटरट शिजतं. धोका शिजवण्याआधी असतो. कच्चं मटण विळीवर कापायचं आणि वरवर विसळून त्याच विळीवर कोशिंबिरीचा कांदा चिरायचा, हे मी घरोघरी बघितलंय. विळी, पाट, नखं साबणानं धुवा. रस्सा होता होता मिठाला म्हणून अर्धा कच्चा तुकडा तोंडात टाकायची सवय मोडा. घरात कुणी गरोदर असेल तर कच्चं मटण आणि मांजराची घाण साफ करायचं काम दुसऱ्यानं करावं, कारण पहिल्यांदाच झालेला संसर्ग पोटातल्या बाळाला बाधतो. जंगलालगत रानडुकराचं मटण गुपचूप वाटलं जातं म्हणतात. शिकार हा गुन्हा आहेच, वर ते धुरावर अर्धवट भाजून खाणं म्हणजे ट्रिकिनेलासारख्यांना आवतण.

आणि गोठ्यात शेळी गाभडली तर ते करडू उघड्या हातानं उचलू नका. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा, खोल पुरा, कुत्र्यामांजरांना टाकू नका. टॉक्झोप्लाझ्माबरोबर ब्रुसेला या जिवाणूचीही शंका असते, तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन्हींसाठी रक्त तपासायला सांगा.