ओझरची बदली आणि आमदारांची चिठ्ठी

प्रिय बेटा,

तुझे पप्पा परवा अमळनेरच्या बाजारात भेटले. "साहेब, पोरनी बदली ओझरले करी द्या," म्हणाले; म्हणजे नाशिकजवळच्या ओझरच्या वायुसेना तळावर. कानबाईच्या सणाला तरी तू घरी यावीस एवढंच त्यांचं म्हणणं. वर आमदारांची चिठ्ठी आणतो म्हणाले. ती आणू देऊ नकोस. बदली-बढतीसाठी बाहेरचं वजन वापरायला नियमानं मनाई आहे, आणि चिठ्ठी कुणी का आणेना, जाब तुलाच द्यावा लागेल.

दिल्लीच्या हवाई मुख्यालयात एअर मार्शल दर्जाचे अधिकारी वायुसेनेतल्या बदली-बढतीचं खातं सांभाळतात: एअर ऑफिसर इन-चार्ज पर्सोनेल, आपल्या भाषेत एओपी. गावाकडे वाटतं, साहेबांनी सही केली की झालं. प्रत्यक्षात मोठमोठ्या साहेबांचेही हात धोरणानं, रिकाम्या जागांनी आणि निवड मंडळानं बांधलेले असतात. ते बरंच आहे म्हणा.

बढतीची काळजी इतक्यात करू नकोस. 2 वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट झालीस; 6 वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, 13 वर्षांनी विंग कमांडर. परीक्षा, तब्येत आणि रेकॉर्ड ठीक असलं की हे टप्पे सेवाकाळावर मिळतात. खरी चाळणी ग्रुप कॅप्टनला लागते. जागा मोजक्या, आणि मंडळापुढे असतात तुझे वर्षानुवर्षांचे मूल्यमापन अहवाल. (26 वर्षांनी सेवाकाळावरही ग्रुप कॅप्टन होता येतं. त्याला नाक मुरडणारे भेटतील. मी मुरडत नाही.) त्यामुळे भांडारातलं आजचं रटाळ कामही पुढे वाचलं जाणार आहे. स्वतःच्या कामाची नोंद देताना "उत्तम काम केलं" असलं गुळमुळीत लिहू नकोस. कोणतं सामान अडलं होतं, तू काय केलंस, विमान किती लवकर उड्डाणाला तयार झालं, ते लिही.

बढतीत अन्याय झाला असं वाटलं तर वायुसेना अधिनियम, 1950 च्या कलम 27 खाली कमांडिंग ऑफिसरमार्फत तक्रार करता येते. त्यापुढे 2007 च्या कायद्यानं आलेलं सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. बदलीचं मात्र तसं नाही. बदल्या आणि नेमणुकीची ठिकाणं त्या कायद्यानं न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. तिथे विनंतीच करायची.

तेव्हा पुढच्या वेळी पसंतीत ओझर लिही. आईच्या तब्येतीचं कारण खरं असेल तर कागदपत्रं जोड. कानबाईचं कारण लिहू नकोस. त्यासाठी रजा वेळेत माग. पप्पांशी मी बोलतो.

तुझा,
काका