एडिटरच्या आधी रॅम बघ

प्रिय बेटा,

वेब पानांचा कोड लिहायला कोणता एडिटर घेऊ असं विचारतोस, पण लॅपटॉपची रॅम किती ते लिहिलंच नाहीस. निम्मं उत्तर तिथे आहे.

4 जीबी असेल तर व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा एडिटर चालेल, पण कण्हत. तो इलेक्ट्रॉन नावाच्या चौकटीवर बांधलेला आहे, म्हणजे पोटात अख्खं क्रोमियम (क्रोम ज्यावर बांधलंय तो ब्राउझर) घेऊनच उघडतो. शेजारी क्रोमचे दहा टॅब असले की रॅम भरते, विंडोज डिस्कवर काम ढकलतं आणि टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. अशा मशीनवर सब्लाइम टेक्स्ट हा हलका एडिटर टाक. विकतचा आहे, पण चाचणीला मुदत नाही. अधूनमधून खरेदीची आठवण करून देतो, एवढंच. 8 जीबी असेल तर डोळे मिटून व्हीएस कोड घे. जुन्या व्हिडिओंत ॲटम एडिटरची तारीफ ऐकशील; तो 15 डिसेंबर 2022 ला बंद झाला.

व्हीएस कोडमध्ये सुटी फाइल उघडू नकोस, 'ओपन फोल्डर'ने प्रोजेक्टचा पूर्ण फोल्डर उघड. नव्या एचटीएमएल फाइलीत उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की सांगाडा तयार होतो. त्यातली यूटीएफ-8 ची मेटा ओळ (अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारी) खोडू नकोस, नाहीतर ब्राउझर अंदाजाने वाचतो आणि मराठी मजकुराचा चिवडा होतो.

एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायच्या सोयी, सुरुवातीला दोनच: कोडची मांडणी नीट करणारा प्रेटिअर आणि लाइव्ह सर्व्हर. प्रेटिअर टाकून पुरत नाही. सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट फॉरमॅटर' म्हणून तोच निवड आणि 'फॉरमॅट ऑन सेव्ह' चालू कर. लाइव्ह सर्व्हर का? फाइलीवर डबल क्लिक करून पान उघडलं, तर जावास्क्रिप्टची मॉड्यूल्स (वेगळ्या फाइलींतले कोडचे भाग) ब्राउझर अडवतो आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, कॉर्स या सुरक्षा नियमाची लाल ओळ येते. मुलं तासभर कोड तपासत बसतात, कोड बरोबरच असतो. लाइव्ह सर्व्हर तुझ्याच मशीनवर छोटा सर्व्हर चालवून तेच पान 5500 पोर्टवरून देतो, मग मॉड्यूल्स चालतात.

ऑटो सेव्ह 'ऑन फोकस चेंज'वर ठेव. 'आफ्टर डिले' ठेवलंस तर अर्धवट ओळ सेव्ह होऊन पान सारखं रिलोड होत राहतं. मे महिन्यात भरदुपारी लाइन गेली तरी फार घाबरू नकोस. सेव्ह न केलेला मजकूरही व्हीएस कोड बाजूला जपतो आणि पुन्हा उघडल्यावर बहुधा परत देतो.

घरी दिसणारा फोटो सर्व्हरवर गायब झाला, तर एडिटरला दोष देऊ नकोस. नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर विंडोजला सारखंच, लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरला वेगळं. फाइलींची नावं सगळी लहान अक्षरांत ठेव, मध्ये स्पेस नको.

आता टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघ. किती स्लॉट वापरात आहेत तेही तिथेच दिसतं. एक रिकामा निघाला, तर नागपूरच्या बर्डी बाजारात जाऊन रॅम वाढवून घे. रॅमचा प्रकार डीडीआर3 की डीडीआर4 ते आधी बघून जा, एकाच्या जागी दुसरी बसत नाही.